धरेल म्हटलेली खुंटी

रतिलाल मूळचा धानोऱ्याचा. घरची शेती थोरल्या भावाने सांभाळली. हा धाकटा तरुणपणीच गुजरातेत फायबरच्या कारखान्यात गेला आणि टाक्या, कूलरचे डबे, न्हाणीची दारं बनवायला शिकून परत आला. अक्कलकुव्यात हायवेला लागून त्याने पत्र्याची शेड टाकली. फायबर घासलं की बारीक काचेची पूड उडते, कातडीत शिरते आणि दिवसभर चावते. त्याची बायको ममता त्याचे कपडे बाकीच्या धुण्यात कधी मिसळत नसे. माणूस कमी बोलणारा होता, पण कामाला चोख. त्याने बसवलेली टाकी गळाली असं कुणी म्हटलेलं आठवत नाही.

त्याचा मावसभाऊ भूपेश छोटीमोठी कंत्राटं घ्यायचा. नर्मदेवरच्या धरणाच्या डुबीत रस्ते पाण्याखाली गेले तेव्हापासून काठावरच्या पाड्यांना नावेशिवाय वाट नाही. तिथे एक संस्था दवाखान्याची बोट चालवते. फायबरची, छत असलेली, कडेने लोखंडी कठडा. त्या बोटीची देखभाल भूपेशकडे होती. दिवाळीनंतर त्याने रतिलालला जीपमध्ये घालून काठावर नेलं. रतिलालला पोहता येत नव्हतं. बोट बांधलेली असूनही तिच्यावर पाय ठेवताना तो बिचकला.

बोटीचा ड्रायव्हर दिवाल्या जवळच्याच पाड्यावरचा, तिशीचा, हसतमुख. त्याचं गाव तो जन्मायच्या आसपासच पाण्याखाली जाऊ लागलं होतं. कठड्याचा पुढचा एक खांब त्याने हाताने हलवून दाखवला. मग पुढच्या टोकाला दोर बांधायची लोखंडी खुंटी होती, तिच्यावर पाय ठेवून म्हणाला की दोर ताणला की हीपण कुरकुरते.

रतिलालने हलणाऱ्या खांबाचे बोल्ट काढले. भोकातून चहासारखं तपकिरी पाणी आलं. बोटीचा वरचा तक्ता म्हणजे फायबरचे दोन थर आणि मध्ये प्लायवूड. बोल्टच्या कडेने पाणी झिरपलं की ते प्लायवूड आतल्या आत कुजतं. वरून सगळं गुळगुळीत दिसतं, पण बोल्टला धरायला काही उरत नाही. त्याने स्क्रू ड्रायव्हर आत घातला तर तो चहात बुडवलेल्या टोस्टात शिरावा तसा शिरला. शेजारचा खांब उघडला, तिथेही तेच. पुढच्या खुंटीचा एक बोल्ट सैल केला, त्यातूनही पाणी ठिबकलं.

"भाऊ, हाऊ एकच नही. बठ्ठाच आतथीन सडेल शेतस," तो म्हणाला. सगळेच खांब सडलेत, तेव्हा बोट पाण्याबाहेर ओढायची, सडका भाग कोरून काढायचा, ओतल्यावर घट्ट होणाऱ्या रेझिनने भरायचा, खालून जाड पट्टी लावून मग बोल्ट कसायचे, एवढं सगळं करावं लागेल असं त्याने समजावून सांगितलं.

भूपेशला ते समजत नव्हतं असं नाही. पण लगेचच पलीकडच्या पाड्यांवर तपासणीची शिबिरं लागली होती, आणि बोट अडकली तर संस्था दुसरा माणूस बघेल अशी त्याला भीती होती. "जो हाली ऱ्हायना तो पक्का कर," तो म्हणाला. "बाकीनास्ले सिलिकॉन लाव. दिवाळी नंतरनं पाणी शांत ऱ्हास. उन्हाळामा बठ्ठं करू."

रतिलालने तो एक खांब मन लावून पक्का केला. बाकीच्यांचे बोल्ट आवळले, बुडाशी पांढरं सिलिकॉन भरलं आणि बोटाने ते सारखं केलं. खुंटीलाही तसंच. काम नव्यासारखं दिसू लागलं. निघताना दिवाल्याने खुंटीला दोर बांधून एक हिसका दिला आणि विचारलं, "आता धरेल ना?"

भूपेश जीपमध्ये बसून हॉर्न वाजवत होता.

"धरेल," रतिलाल म्हणाला.

उन्हाळ्यात काम होणार होतं ते झालं नाही. फाल्गुनात रतिलालने भूपेशला एकदा फोन केला, चैत्रात पुन्हा. दोन्ही वेळा पुढच्या महिन्यावर गेलं. स्वतः उठून जावं असं त्याला वाटायचं, पण दुकानात कूलरचा हंगाम होता.

वैशाखातल्या एका दुपारी डोंगराच्या खिंडीतून वारा सुटला. बोट एका पाड्याला लागत होती. आत नर्स शोभाबाई आणि औषधांची खोकी होती. दिवाल्याने काठावर उडी मारली आणि खुंटीचा दोर एका खडकाला गुंडाळायला घेतला. वाऱ्याने बोट मागे ढकलली. दोर तारेसारखा ताणला गेला, आणि खुंटी बोल्टांसकट उपटून दोराच्या टोकाला गोफणीतल्या दगडासारखी काठाकडे आली. ती दिवाल्याच्या कानशिलावर बसली.

शोभाबाईला ते सगळं दिसलं, पण तिला काही करता आलं नाही. ड्रायव्हर नसलेली बोट तिला घेऊन पाण्यात सरकत राहिली. तिच्याजवळ मलमपट्टी होती, सलाईन होतं, आणि माणूस तिकडे काठावर पालथा पडला होता. मासे धरणाऱ्या एका होडीने तिला परत आणलं तोवर पाड्यावरचे लोक जमले होते आणि दिवाल्या गेला होता.

वारा फार होता असं सगळ्यांनी सांगितलं, आणि तेच कागदावर आलं. वारा होताच, त्यात खोटं काही नव्हतं.

खुंटी बसवायला भूपेशने रतिलाललाच बोलावलं. बोटीच्या टोकाला तक्ता फाटून मोठं भोक पडलं होतं. त्याच्या कडेला रतिलालने बोटाने सारखं केलेलं सिलिकॉन तसंच चिकटलेलं होतं, पांढरं, कुठे तडासुद्धा नाही. आत काळं पडलेलं लाकूड.  मग बोट बाहेर ओढल्याशिवाय कशालाच हात लावणार नाही असं त्याने सांगितलं. या वेळी भूपेशने बोट ओढायला माणसं आणली.

भर उन्हात रतिलालने ती बोट उघडली. एकेक खांब, एकेक कडी काढली, कुजलेलं प्लायवूड बादल्या भरभरून उपसलं, पोकळी वाळवून रेझिन आणि काचेच्या धाग्यांची मॅट भरली, आतल्या बाजूने पट्ट्या लावल्या. मदतीला दिवाल्याचा चुलतभाऊ नवलसिंग होता. आता बोट तो चालवणार होता. 

काम संपलं त्या दिवशी रतिलाल नवलसिंगला म्हणाला, मला त्याच्या आईकडे ने.

दिवाल्याची आई फुलीबाई टेकडीवरच्या कुडाच्या घरात राहायची. तिला मराठी येत नव्हती. रतिलालने अंगणात उभं राहून सांगितलं की आत सडलंय हे मला माहीत होतं. तुझ्या लेकाने मला विचारलं, आणि मी धरेल म्हणालो. नवलसिंगने ते तिच्या बोलीत सांगितलं. सांगताना तो मध्येच थांबला, कारण त्यालाही हे आत्ताच कळत होतं.

फुलीबाई रडली नाही. तिने हातातलं सूप खाली ठेवलं, चार शब्द बोलली आणि आत गेली.

"ती म्हणते, बोट बघायला येत जा," नवलसिंगने सांगितलं. "पण या अंगणात पाय ठेवू नको."

रतिलालने संस्थेच्या लोकांनाही तेच सांगितलं. भूपेशचं कंत्राट गेलं. नातलगांत रतिलालने आपल्याच मावसभावाचं घर जाळलं अशी बोलवा झाली. मावशीने, भूपेशच्या आईने, ममताला निरोप पाठवला की तुमची आमची सोयरीक संपली. ममताने सणावाराला माहेरी जायचं बंद केलं. माहेर मावशीच्याच गल्लीत होतं. नवलसिंग बोट चालवतो, रतिलालशी कामापुरतं बोलतो.

दवाखान्याची बोट आता धड आहे. दर उन्हाळ्यात रतिलाल ती बाहेर काढून तपासतो. त्याचं नाव ऐकून प्रवासी बोटींचे मालकही येतात. तो एक खांब उघडतो, तपकिरी पाणी दाखवतो आणि सगळं काढावं लागेल म्हणतो. अर्धं काम तो करत नाही. मालक मान डोलावतात, जातात, आणि दुसरा कुणीतरी सिलिकॉन लावून देतो.

गेल्या बाजाराच्या दिवशी त्याने अर्धं काम नाकारून परत पाठवलेली एक बोट काठावर भरत होती. बाया, पाट्या, कोंबड्या, मिठाच्या पिशव्या. खांबांच्या बुडाशी ताजं पांढरं सिलिकॉन चमकत होतं. रतिलाल पुढे गेला आणि कडेला बसलेल्या बाईला म्हणाला, बाई, कठड्याचा तो दांडा धरू नका, आतून सडलाय. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि हात काढून घेतला. मालकाने इंजिन सुरू केलं. बोट हलली, एका अंगाला कलली, आणि बाईने पुन्हा तोच दांडा पकडला. धरायला दुसरं काही नव्हतं.