ब्रेकमास्तरांचं बदललेलं पोट

गाडी चालवायला शिकवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे ब्रेकमास्तर म्हणत, कारण शिकणाऱ्याची चूक व्हायच्या आत त्यांचा पाय आपल्या बाजूच्या ब्रेकवर पडलेला असे. नऊ वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे त्यांचं मूत्राशय काढलं. डॉक्टरांनी आतड्याच्या तुकड्याची वाट करून बेंबीच्या उजवीकडे तिचं तोंड बाहेर काढलं. तेव्हापासून लघवी पोटाला चिकटवलेल्या पिशवीत थेंबथेंब जमते. रोखून धरणं हा प्रकारच उरला नाही. दर दोन तासांनी पिशवी रिकामी करायची, चौथ्या दिवशी बदलायची. मास्तरांनी हे इतकं अंगवळणी पाडून घेतलं होतं की शेजाऱ्यांनाही पत्ता नव्हता.

पण गेल्या चार महिन्यांपासून पिशवी गळायला लागली. कधी चहा पिताना, कधी न्हाव्याच्या खुर्चीत. चौथा दिवस राहिला बाजूला, दुसराही धड निघेना. मास्तरांनी आधी कंपनीला शिव्या घातल्या, मग उकाड्याला, मग साबणाला.

बायको म्हणाली, "दवाखान्यातल्या त्या पिशवीवाल्या नर्सबाईंना दाखवून या ना एकदा."

"नऊ वर्षं मी एकट्यानं निभावलंय. त्या मला काय शिकवणार?"

"बरं," म्हणून तिने आठवड्यातली तिसरी चादर भिजत घातली. तिच्या त्या शांतपणानेच मास्तरांचं डोकं जास्त फिरलं.

त्या दिवसांत एक निवृत्त मुख्याध्यापिका त्यांच्याकडे गाडी शिकत होत्या. एकदा चौकात कुत्रं आडवं आलं आणि बाईंनी मास्तरांच्याही आधी ब्रेक दाबला. मास्तरांचा सीटबेल्ट करकचून आवळला गेला, तोही नेमका पिशवीवरून. मांडीवर गरम ओघळ उतरला.

"पाण्याची बाटली सांडली," मास्तर म्हणाले.

बाईंनी बाटलीकडे पाहिलं. झाकण घट्ट लावलेलं होतं. "कुठे नेऊ?" एवढंच त्यांनी विचारलं.

"घरी! आणि आरशात कोण बघणार? गिअर कोण टाकणार, मी?" मास्तर खेकसले.

बाईंनी गाडी त्यांच्या दारात आणून उभी केली. आभार मानायचं मास्तरांच्या जिवावर आलं. घरात शिरून त्यांनी बूट भिंतीवर भिरकावला, मग दुसराही.

दुसऱ्या दिवशी ते नर्सबाईंसमोर होते. त्यांनी मास्तरांना उभं केलं, बसवलं, खोकायला लावलं.

"पिशवीच्या चिकट चकतीला भोक कशाच्या मापाने पाडता?"

मास्तरांनी पाकिटातून नऊ वर्षं जुना, कडा झिजलेला गोल पुठ्ठा काढला. नर्सबाईंनी तो पोटावर धरून दाखवला. "हे बघा. बाजूला हर्निया आलाय, तोंड लांबट झालंय. आणि तुम्ही अजून गोलच कापताय. गळणार नाही तर काय होणार?"

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही आलातच कुठे?"

हे मास्तरांना चांगलंच झोंबलं. नर्सबाईंनी नवं माप कापून दिलं, मऊ चकती दिली, पोटाला आधाराचा पट्टा दिला. हर्नियासाठी सर्जनकडे जायची चिठ्ठीही लिहिली. पुन्हा दवाखाना! मास्तर घरी येईपर्यंत पुटपुटत होते.

आता पिशवी तीन दिवस टिकते, एखाद्या वेळी दोनच. "तीन तर तीन," बायको म्हणते. "तुझं काय जातंय म्हणायला," मास्तर म्हणतात. पण चादर हल्ली स्वतःच भिजत घालतात.

मुख्याध्यापिका शिकायला येतच राहिल्या. तासाभराने त्या न सांगता वाचनालयासमोर गाडी लावू लागल्या. तिथलं स्वच्छतागृह चांगलं होतं.

"मी म्हटलं होतं का थांबायला?" मास्तर गुरगुरले.

"मला जायचंय," बाई म्हणाल्या आणि उतरून चालू लागल्या.

मास्तर दोन मिनिटं रागाने समोरच्या काचेतून बघत बसले. मग बेल्ट सोडून तेही उतरले.