दारूचं गाव, मेणाचं बाळ

दुरून डोंगर साजरे, ही म्हण ज्याने केली तो इटलीतल्या त्या गावी नक्की जाऊन आला असणार. खालून बघितलं तर उतारावर द्राक्षांच्या रांगा, माथ्यावर दगडी तट, त्यातून वर आलेले चर्चचे मनोरे. कॅनबेरात आमच्या गुंगालिन उपनगरातून माझ्यासोबत रोज ट्रामने ऑफिसला येणारा एक सहकारी म्हणाला होता, "मेट, तिथे गेला नाहीस तर इटली बघितलीच नाहीस." गाडी तटाबाहेर ठेवून अर्धा तास चढ चढलो. वर काय, तर दर दुसऱ्या दारात वाईनचं दुकान आणि दर दुकानात त्या सहकाऱ्यासारखेच ऑस्ट्रेलियन.

बायकोला वाईनशी काही कर्तव्य नव्हतं. तिच्या पाठीवरच्या बॅगेत, टॉवेलात गुंडाळलेलं, वीतभर लांबीचं मेणाचं बाळ होतं.

आम्ही वसईचे ख्रिस्ती. आमच्याकडे ज्यासाठी नवस करायचा त्याचा मेणाचा आकार मारिया माउलीपुढे ठेवतात. गुडघा दुखत असेल तर पाय, घर हवं असेल तर घर. आम्हाला मूल हवं होतं. सहा वर्षांत आयव्हीएफचे तीन प्रयत्न फसले होते आणि कॅनबेराच्या क्लिनिकमध्ये गोठवून ठेवलेला एकच एम्ब्रियो उरला होता. सुट्टीवरून परतलो की तो शेवटचा. हे कळल्यावर सासूबाईंनी वसईहून येणाऱ्या एकाबरोबर बाळ धाडलं आणि फोनवर सांगितलं, "इथल्या माउलीला सांगून थकले मी. तुम्ही पोपच्या देशात चाललात, तिकडे ठेवा." शाखेत काम होत नाही तर हेड ऑफिस गाठा, असा त्यांचा सरळ विचार. मी कॅनबेरात सरकारी नोकर आहे. हेड ऑफिसात अर्जांचं काय होतं ते मला विचारा.

आधी मी हट्टाने वाईन चाखायला बसलो. नाकाने कांदे सोलणारा एक गृहस्थ ग्लास गोल गोल फिरवत म्हणाला, हिच्यात चामड्याचा आणि ओल्या मातीचा वास येतो. माझे वडील नाताळासाठी काचेच्या बरणीत मनुकांची वाईन घालायचे. तिला चामड्याचा वास आला असता तर आईने ती माडाच्या मुळाशी ओतली असती. बायको डॉक्टरच्या सांगण्यावरून पाणी पीत होती आणि दर दोन मिनिटांनी बॅग चाचपत होती.

मग चर्च. पहिल्याला तिकीट होतं, आणि आत चित्रांपुढे माना वर करून उभे असलेले लोक. गुडघे टेकलेलं कोणी नाही. दुसऱ्यात मेणबत्त्यांच्या जागी प्लॅस्टिकचे दिवे. नाणं टाकलं की बल्ब पेटतो. "देव पण आता स्विचवर," मी म्हणालो.

"तू जरा गप्प बसशील?" बायको म्हणाली.

तिसरं चर्च उताराच्या टोकाला, लहान आणि रिकामं होतं. तिथे तिने टॉवेल सोडला, बाळ मारियेच्या पायाशी ठेवलं आणि गुडघे टेकले. मी मागे हाताची घडी घालून उभा होतो. एवढ्या मेणाच्या निदान चार मेणबत्त्या झाल्या असत्या, असं काहीतरी मनात जुळवत होतो. ती उठली तेव्हा तिचा चेहरा इतका हलका दिसला की ते तोंडातून निघालं नाही.

आम्ही शंभर पावलं गेलो असू. मागून हाका आल्या, "सिन्योरा! बांबिनो!" चर्च झाडणारा म्हातारा धापा टाकत पळत येत होता. हातात आमचं बाळ. बाईची बाहुली राहिली, असं त्याला वाटलं. डोंगरभर चर्च बांधून बसलेल्या या लोकांना नवस कळू नये! माझं डोकंच फिरलं. आमच्याकडे ठेवलेलं परत घेत नाहीत. घेतलं तर मागणं फिरलं. मी ओरडून, हातवारे करून त्याला परत पाठवत होतो. आणि खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. दिवसभर ज्याची टिंगल केली, तेच माझ्या मागे पळत आलं होतं.

बायकोने मला बाजूला सारलं आणि दोन्ही हात पुढे केले. म्हातारा हसला, बाळाच्या डोक्यावरची धूळ बाहीने पुसून त्याने ते तिच्या हातात दिलं.

"अगं, घेऊ नकोस," मी म्हणालो.

"आपण मागितलं का परत? त्याने आणून दिलं," ती म्हणाली. "कोणी बाळ देत असेल तर मी नाही कशी म्हणू रे?"

शेवटचा एम्ब्रियो ऑगस्टमध्ये ठेवला. टिकला नाही. नर्सने फोनवर "आय ॲम सो सॉरी" म्हटलं आणि बायकोने सवयीने "नो वरीज" म्हणून फोन ठेवला. त्या दिवशी मी देवाला, सासूबाईंना आणि त्या म्हाताऱ्याला मनसोक्त शिव्या घातल्या.

बाळ आमच्या मागच्या खोलीत आहे, टॉवेलावर. त्या खोलीत दुसरं काही नाही. तिथे पश्चिमेचं ऊन येतं आणि जानेवारीत, इथल्या भर उन्हाळ्यात, गुंगालिन चाळीस अंश गाठतं. बायको सकाळी लवकर निघते, घरातून शेवटी मी बाहेर पडतो. पडदे ओढतो, एसी चोवीसवर लावतो आणि दार आवाज न करता लोटून घेतो.