तीन कोटेशनांचा माणूस

फोन पिरंगुटच्या कारखान्यातून आला. "वहिनी, साहेब स्टोअरमध्ये चक्कर येऊन पडले..." पुढचं त्यांनी सांगायच्या आधीच मला कळलं. त्याला आता पाच आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. लिहीन, सुचलं तर. आयुष्यभर अहोजाहो केलं, आता एकेरीत लिहिते.

माझा नवरा दिनकर कारखान्यात खरेदी बघायचा. तिथं साधा खिळा घ्यायचा तरी तीन दुकानांची कोटेशनं मागवून तक्ता करायची रीत. ती रीत हा माणूस घरी घेऊन आला. मी लग्नाआधीच मराठी टायपिंगची परीक्षा पास झाले होते. दोन हजार सालाच्या सुमारास आमच्या कासार आंबोलीत, शेजारच्या भरे गावात जमिनी धडाधड विकल्या जात होत्या आणि पौडला तालुक्याच्या कचेरीसमोर खरेदीखतं टाइप करून द्यायला माणूस मिळत नव्हता. घरात एक कॉम्प्युटर आला असता तर मी माझ्या पायावर उभी राहिले असते. दुसरं काही कधी मागितलं नाही.

तक्ता सुरू झाला. प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, मॉनिटर, वॉरंटी... पट्टीनं आखलेले रकाने. दर रविवारी मला स्कूटरवर बसवून पुण्याला न्यायचा. तिसरं कोटेशन हाती येईपर्यंत पहिल्याची मुदत संपायची, की पुन्हा पहिल्यापासून. तोवर बाजारात नवा प्रोसेसर आलेला, म्हणजे नवा रकाना. रॅम म्हणजे काय हे त्याला शेवटपर्यंत सांगता आलं नाही, पण चौसष्टपेक्षा एकशे अठ्ठावीस बरी, हे छाती फुगवून सांगायचा. दुकानं झाली की मिसळ खाऊ घालायचा. ते रविवार मला आवडायचे, हेही लिहून टाकते...

"अहो, कुठलाही घ्या, मला अक्षरंच तर उमटवायचीत," मी म्हणायचे.

"मंगल, घाईनं घेनारा फसतुया. पुढच्या महिन्यात भाव पडत्यात."

भाव खरंच पडत गेले. त्याचा अंदाज एकदाही चुकला नाही, आणि त्याचाच त्याला माज. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! भऱ्याच्या एका बाईनं कुणाचा तरी वापरलेला कॉम्प्युटर आणून कचेरीसमोर टेबल मांडलं. वर्षभरात तिच्यापुढे रांग लागली. मी घरी येऊन रडले. हा तिचं मशीन बघून आला आणि म्हणाला, "लई जुना माल हाय. फसली बिचारी." त्यानंतर मी विषय काढला नाही. तक्ते मात्र तो करतच राहिला.

गेल्या आठवड्यात मी एकटीच दुकानात गेले. दुकानदार मेमरीचं काहीबाही सांगू लागला, मी म्हटलं, हाच द्या. दहा मिनिटं लागली. दहा मिनिटांचं काम होतं ते! इतकी चीड आली की तिथंच हुंदका फुटला. दुकानदाराला वाटलं, दुःखानं.

बोटं सगळं विसरलीत. अक्षर शोधावं लागतं. घर अजून त्याच्याच नावावर, म्हणून वारस नोंदीचा अर्ज द्यायचा होता, आणि त्या भऱ्याच्या बाईपुढे रांगेत उभं राहणं मला जमणार नव्हतं. सकाळी बसले ती दुपारी उठले. परीक्षेनंतर माझ्या हातून टाइप झालेला हा पहिला कागद. त्यावर पहिला शब्द मयत, आणि पुढे त्याचं पूर्ण नाव.