रेडिओ आधी थांबला

थांबाचं खरं नाव मला ठाऊक नाही, आणि त्याच्या बायकोखेरीज कुणाला ठाऊक असेल असं वाटतही नाही. गोदामांच्या मागच्या गल्लीत त्याचं गॅरेज आहे. वर पत्र्याचं छप्पर, खाली तेलानं काळी झालेली फरशी आणि गिऱ्हाइकांना बसायला भंगारात निघालेल्या बसमधलं एक बाकडं. केस मात्र साहेबांचे कायम काळेभोर, खिशात कंगवा. वय माझ्याएवढंच असेल, पण ते त्याच्याकडून कबूल करून घ्या बघू! आणि तोंड म्हणजे नुसता भोंगा. "माझ्यासारखा मेकॅनिक दुसरा दाखवा, मी पाना खाली ठेवतो," हे मी पहिल्याच भेटीत इतक्यांदा ऐकलं की मलाच पाना फेकून मारावासा वाटला. सगळी नोकरी वॉर्डात सिस्टर म्हणून काढलीये मी, बढाईखोर माणसं पुष्कळ पाहिलीत, आणि मला त्यांचा तिटकारा आहे. तरी या माणसाबद्दल सांगायला बसलेय, कारण त्यानं जे केलं ते आठवलं की अजून मी थक्क होते.

आधी माझं दुखणं सांगते. माझी थोरली बहीण, आमची ताई, गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहते. तिच्या किडन्या कामातून गेल्यात, दर दोन-तीन दिवसांनी डायलिसिसला न्यावं लागतं. नजरही अधू झालीये, समोरचं माणूस आवाजावरून ओळखते. मध्यंतरी ती या सगळ्याला इतकी कंटाळली की "आता पुरे, मला सोडून द्या" असा धोशाच लावला तिनं. मी भांडले, रडले, अबोला धरला. शेवटी एका अटीवर बाईसाहेब तयार झाल्या. "धाकटे, तू स्वतः नेणार आणि स्वतः आणणार असशील तर येईन. उलट्या करत परक्याच्या गाडीत मी बसायची नाही. तुझी गाडी बंद, तर माझं जाणं बंद." मी म्हटलं, ठीक आहे. त्यात काय मोठंसं? गाडी मी तरुणपणापासून चालवतेय.

आणि नेमकी गाडीच बंद पडायला लागली.

तीही कशी, तर चालता चालता. पहिल्यांदा पुलावर. काही कळायच्या आत इंजिन गप्प, स्टिअरिंग दगडासारखं जड आणि समोर लाल-पिवळे दिवे लख्ख पेटलेले. तेलाचा, बॅटरीचा, इंजिनाचा, सगळे एकदम. मागे ट्रकवाला भोंग्यावरचा हात काढायला तयार नाही. कशीबशी गाडी कडेला घेतली, किल्ली मागे फिरवून पुन्हा लावली, तर गाडी मुकाट चालू. जसं काही झालंच नाही! मग आठवड्यातून एकदा, कधी दोनदा हाच प्रकार व्हायला लागला.

मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली. त्यांनी बॅटरी बदलली, पेट्रोलचा पंप बदलला, गाडी चार दिवस फिरवली. त्यांच्याकडे एकदाही बंद पडली नाही. मुलानं चालवून पाहिली, त्याच्याकडेही नाही. मग काय, झालाच निकाल. "आई, गाडीला काही झालेलं नाहीये," मुलगा म्हणाला. "तुझाच पाय क्लचवरून सटकत असेल. वय झालंय आता, मान्य कर. पुन्हा बंद पडली तर गाडी मी घेऊन जाणार. मावशीसाठी ड्रायव्हर ठेवू." पोरगा वाईट नाही, घाबरला होता तो. पण रागानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मावशी ड्रायव्हरबरोबर जायची नाही, हे त्यालाही माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर राग ओसरल्यावर मलाच धाकधूक वाटायला लागली. खुर्चीत बसल्या बसल्या डावा पाय दाबून बघायचे, सटकतोय की काय.

अशात कुणीतरी थांबाचं नाव सुचवलं. त्यानं गाडी ठेवून घेतली. त्याच्या मुलीनं गाडीला मशीन जोडून पाहिलं. ही मुलगी गॅरेजमधलं विजेचं सगळं काम बघते आणि बापाला जराही भीक घालत नाही. मशीनमध्ये काही सापडलं नाही. थांबानं गाडी गल्लोगल्ली फिरवली, घाट चढवला, उन्हात उभी केली. गाडी आपली साळसूद. त्याचा पारा असा चढला होता म्हणता! मी आणायला गेले तर बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "सिस्टर, ही माझी चेष्टा करतेय."

"बाबा, तिच्यावर कशाला डाफरताय?" मुलगी म्हणाली. "गाडी स्वतःहून बिघडून बंद पडली तर आतल्या कॉम्प्युटरमध्ये बहुतेक वेळा काहीतरी नोंद राहते. इथे सगळं कोरं आहे. म्हणजे त्या क्षणी नोंद ठेवणाऱ्यालाच करंट मिळाला नसेल, असंही असू शकतं ना?"

थांबानं कंगवा काढला. विचार करायचा असला की हा केस विंचरतो. मग म्हणाला, "बंद पडते तेव्हा गाडीत कोण कोण असतं?"

"मी. आणि मागे माझी बहीण."

"त्यांना कुणी काही विचारलं?"

"अहो, तिला नीट दिसत नाही."

"मी कुठे म्हणतोय, काय दिसलं ते सांगा?" तो माझ्यावरच खेकसला. "उद्या दोघी या. हॉस्पिटलला जाता तशाच या. पिशवी, उशी, औषधं, जे काय असेल ते घेऊन. माणसांशिवाय गाडी आणून लोकं मला म्हणतात, बघा काय झालंय. कसं कळणार?"

तो हात धुवायला गेला तेव्हा मुलीनं मला या नावाची गोष्ट सांगितली. थांबा पूर्वी बसच्या डेपोत होता, रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांवर जाणाऱ्या पथकात. बस बंद पडली की लोक उतरून, पिशव्या उचलून चालायला लागतात. हा पोचला की बस राहायची बाजूला, आधी त्या लोकांच्या मागे धावायचा. "थांबा! थांबा! कुठे बसला होतात? काय ऐकलंत? वास कसला आला?" ड्रायव्हर वैतागायचे, साहेब हसायचे, पण हा कुणाला विचारल्याशिवाय सोडायचा नाही. मागच्या चाकावर बसलेल्या म्हातारीला जे कळतं ते ड्रायव्हरला कळत नाही, असं त्याचं म्हणणं. तेव्हापासून तो थांबा.

दुसऱ्या दिवशी ताईला घेऊन गेले. ती कुरकुरत होती, "मी काय मेकॅनिक आहे?" थांबानं मागचं दार उघडलं आणि तिच्यासमोर चक्क जमिनीवर उकिडवा बसला. आदल्या दिवशीचा भोंगा कुठच्या कुठे गेला होता. इतक्या हळू आवाजात हा माणूस बोलू शकतो, यावर माझा विश्वासच बसेना.

"ताई, घाई नाही. पुलावर आहात असं समजा. काय काय ऐकू येत होतं?"

ताईनं डोळे मिटले. "रेडिओ चालू होता. एक बाई झाडांना पाणी कधी घालावं ते सांगत होती. मग पुलाचा सांधा आला, धक्का बसला. ती बाई बोलता बोलता गप्प झाली. मग इंजिन गेलं. मग त्या ट्रकचा भोंगा. मग हिची शिवी."

"शिवी नव्हती ती," मी म्हटलं.

"शिवीच होती. चांगली ठसठशीत."

थांबा हसला नाही. "आधी रेडिओ थांबला? इंजिनाच्या आधी?"

"किंचित आधी. पण आधीच. पुढच्या वेळी हॉस्पिटलच्या गेटवर गाडी बंद पडली तेव्हाही तसंच. आधी रेडिओ."

थांबा उठून उभा राहिला आणि त्यानं मुलीकडे बघितलं. मुलगी म्हणाली, "म्हणजे करंटच."

मला काही कळेना, तेव्हा त्यानं समजावलं. पेट्रोल अडलं, पंप गेला, क्लचवरून पाय सटकला, कशानंही इंजिन बंद पडलं तरी रेडिओ बोलत राहतो. रेडिओ आधी जातो तो फक्त सगळ्या गाडीची वीज क्षणभर तुटली तर. पुढच्याच क्षणी वीज परत येते, पण इंजिन तोवर बंद पडलेलं असतं, म्हणून सगळे दिवे लागतात. "दिव्यांनी काही बिघडवलेलं नाही, सिस्टर. ते नंतर आलेत. तुमच्या पायाचाही दोष नाही."

हे ऐकलं आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी पटकन तोंड फिरवलं.

पण वीज तुटत होती कुठे? थांबा माझ्या शेजारी बसला, ताई मागे उशीला टेकून. गोदामांमागचा रस्ता खड्ड्यांचा, रहदारी शून्य. मी गाडी काढली. जरा वेळानं बघते तर या बाबाची नजर रस्त्यावर नाही, दिव्यांवर नाही, थेट माझ्या गुडघ्यांकडे! या वयात मेल्याला हे काय सुचतंय, म्हणून मी तोंड उघडणार एवढ्यात खड्डा आला, रेडिओ गेला, इंजिन गेलं, दिवे पेटले.

"पुन्हा," तो म्हणाला. "त्याच खड्ड्यातून." आणि वाकून त्यानं माझ्या किल्ल्यांच्या जुडग्याखाली तळहात धरला.

जुडगा कसला, धोंडाच तो. माझ्या घराच्या, फाटकाच्या, कपाटांच्या किल्ल्या. ताईच्या घराच्या, तिच्या कपाटाच्या. यजमानांचं दुकान केव्हाच बंद झालं, त्याच्या शटरच्या. आणि वॉर्डातल्या औषधांच्या कपाटाची एक, जिचं कपाटसुद्धा आता भंगारात गेलं असेल. सगळ्या एका कडीत, गाडीच्या किल्लीबरोबर. गाडी चालली की त्या माझ्या गुडघ्यापाशी झुलायच्या.

मी त्या खड्ड्यातून गेले. गाडी चालूच. पुन्हा गेले, मुद्दाम जोरात. चालूच. थांबा तसाच वाकडा होऊन बसलेला, जुडगा तळहातावर. मग त्यानं हात काढला. पुढच्याच खड्ड्याला सगळं बंद.

"किल्ली फिरते तो स्विच आतून झिजलाय," तो म्हणाला. "एवढं वजन हिसका देतं आणि संपर्क सुटतो. हा जुडगा वर्कशॉपवाल्यांना दिला होतात?"

"छे! माझा जुडगा मी कुणाच्या हातात देत नाही. त्यांना घरातली जादाची किल्ली दिली होती. सुटी."

"मला?"

"तुम्हालाही तीच."

"मुलाला?"

"त्यालाही तीच," मी पुटपुटले. मागून ताई खुदकन हसली. थांबानं कपाळावर हात मारला. "म्हणजे आम्ही सगळे शहाणे वेगळीच गाडी तपासत होतो!"

खरंच सांगते, इतके महिने एवढी मशीनं, एवढी माणसं, आणि उत्तर माझ्या गुडघ्यापाशी झुलत होतं. आणि ते शोधलं कसं, तर ज्या बाईला कुणी काही विचारायच्या लायकीची समजत नव्हतं, तिच्यासमोर जमिनीवर बसून. पेशंटसमोर असं बसणारे डॉक्टर मी पाहिलेत, पण बोटांवर मोजण्याइतके.

मी थांबाला म्हटलं, आता बदला तो स्विच. तर म्हणतो, "आज नाही. आधी मुलाला बोलवा."

मुलगा ऑफिसातून तणतणत आला. थांबानं त्याच्या हातात माझा जुडगा ठेवला आणि म्हणाला, "चालवा." मी शेजारी बसले, ताई मागे. पहिल्याच मोठ्या खड्ड्याला गाडी बंद पडली. स्टिअरिंग एकदम जड झालं, पोरानं ब्रेक करकचून दाबला तेव्हा कुठे गोदामाच्या भिंतीअलीकडे थांबली. समोर सगळे दिवे लख्ख. तो माझ्याकडे वळला.

"हे पुलावर झालं होतं?"

"हो."

"मागे ट्रक असताना?"

"हो रे."

"आणि तू गाडी कडेला घेतलीस? मावशीला घेऊन?" त्यानं किल्ली काढली आणि जुडगा माझ्या मांडीवर ठेवला. "आई, मला नसतं जमलं गं."

यानंतर गाडी घेऊन जायची भाषा त्यानं काढली नाही. थांबानं नवा स्विच बसवला आणि गाडीची किल्ली कडीतून काढून एकटी माझ्या हातात दिली. बाकीचा जुडगा आता ताईच्या मांडीवर असतो. पुलाचा सांधा आला की ती तो मुद्दाम खुळखुळवते आणि म्हणते, "चालू आहे गं बाई, चालू आहे."

मला वाटलं, संपलं प्रकरण. पण पंधरवड्यानं थांबाचा फोन आला, तोही ताईसाठी. एक गाडी आलीये, वळणावर कसलासा आवाज करते, मालकाला सांगता येत नाही आणि मशीनला सापडत नाही. ताईंना मागच्या सीटवर बसवता येईल का? मी म्हटलं, तिची तब्येत अशी, ती कुठे येते. पण मी ताईच्याच घरी होते आणि फोन स्पीकरवर होता. ताई सरसावून बसली, पदर सारखा केला.

"धाकटे," ती म्हणाली, "उद्या जरा लवकर ये. डायलिसिस उरकून मला गॅरेजवर जायचंय."