सेक्रेटरी नसलेली सोसायटी

बदलापूरच्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी होते, आणि सेक्रेटरी नावाचं माणूस जगात असूच नये, असं माझ्या नवऱ्याचं मत होतं. तो उल्हासनगरच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचा. स्वतःला लिबर्टेरियन म्हणवायचा. म्हणजे कोणी कोणावर सक्ती करायची नाही, दुसऱ्याला त्रास न देता ज्याने त्याने आपापल्या मर्जीने जगायचं. स्वयंपाकात काय करावं याची त्याने मला कधी सक्ती केली नाही. स्वयंपाकही कधी केला नाही.

वार्षिक सभेत तो उभा राहिला. "सोसायटीने फक्त वॉचमन ठेवावा. चोरी आणि मारामारी थांबवायची, बस्. बाकी सगळे नियम रद्द."

दुसऱ्या मजल्यावरच्या सिंधी काकांचं उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये पडद्यांचं दुकान. ते म्हणाले, "सर, वॉचमन तरी सोसायटीचा कशाला? ज्याला पाहिजे तो आपला ठेवेल. मार्केट सब संभाल लेता है."

तिसऱ्या मजल्यावरची ताई अंबरनाथच्या कारखान्यात केमिस्ट होती. सक्ती तिलाही नको होती. "पण जमीन कोणी बनवलेली नाही, ती सगळ्यांची. अंगण जो वापरेल त्याने बाकीच्यांना भाडं द्यावं."

नवरा माझ्या कानात म्हणाला, "तिघेही लिबर्टेरियनच. मला छोटं सरकार चालतं, काकांना सरकारच नको, आणि ही डाव्या विचारांची." आमच्या लग्नातही तो इतका खूश दिसला नव्हता.

नियम रद्द झाले. मी राजीनामा दिला आणि दुपारी मस्त झोपले.

पुढच्याच आठवड्यात पाण्याच्या पंपाची मोटर जळली. दुरुस्त कोणी करायची हे ठरेना, कारण ठरवायला कोणी नव्हतं. सकाळी काकांनी स्वतःपुरता टँकर मागवला. तो गेटातून आत आला तर ताई आडवी उभी. "अंगण वापरताय, आधी भाडं." काका म्हणाले, "मी करार कुठे केलाय?" वॉचमन बघत राहिला, कोणी कोणाला मारत नव्हतं, तेव्हा त्याचं काम नव्हतं.

इतक्यात डोक्याला शाम्पू लावलेला माझा नवरा टॉवेलवर गॅलरीत आला. "काका, एक बादली द्या ना."

"देतो की, सर. पण रेट बोला. सक्ती नाही."

डोळे चुरचुरत असताना त्याने पाच मिनिटं घासाघीस केली. शेवटी मीच पिण्याच्या पाण्याची कळशी त्याच्या डोक्यावर ओतली.

संध्याकाळी सगळे आमच्या घरी जमले. "वहिनी, तुम्हीच परत व्हा सेक्रेटरी," काका म्हणाले.

"मला नाही व्हायचं. सक्ती करणार का?"

मग ताईने हळूच माझ्या नवऱ्याचं नाव सुचवलं आणि पटापट हात वर झाले.

"मला हे मान्य नाही," तो म्हणाला.

"बहुमत आहे, सर," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून तो मेकॅनिकबरोबर पंपापाशी बसला. पाणी आलं तेव्हा लोकांनी त्याला चहा पाजला, आणि मला वाटतं तिथेच त्याला गोडी लागली. आता तो माझ्यापेक्षा कडक सेक्रेटरी आहे. गच्चीवर पापड वाळवायचे तरी त्याची परवानगी लागते.

मी न विचारताच वाळवते.