मेलेल्या पेशींची पाळी

आमची ताई हट्टी आहे, हे मी तिची धाकटी बहीण म्हणून शपथेवर सांगते. तळघरातल्या प्रयोगशाळेत बाहेरच्या विजेची लुडबुड नको म्हणून तिने एका खोलीला चहूबाजूंनी तांब्याचा पत्रा ठोकून घेतला, मोबाइल-घड्याळं दाराबाहेर ठेवायला लावली आणि यीस्टच्या पेशींना कान लावून बसली. ब्रेड फुगवतं तेच यीस्ट. पेशीच्या पोटात बारीक नळ्या असतात, पेशी दुभंगताना त्या थरथरतात आणि त्यातून इवलीशी वीज बाहेर जाणवते, असा तिचा दावा. लोक हसले. मीही विचारायचे, "आज काय म्हणतंय यीस्ट?" ती म्हणायची, "तुझ्यापेक्षा कमी बोलतं."

आणि एके दिवशी पडद्यावर थरथर दिसली. तिच्या साहेबांना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी घाईघाईने प्रयोगांना पैसा देणारे वरिष्ठ पाहुणे म्हणून बोलावले. त्यांना पटलं तरच खोली ताईकडे राहणार होती. पण ताईचा एक नेम होता. जिवंत पेशी मोजल्या की उकळून मारलेल्या पेशी त्याच जागी ठेवून मोजायच्या. मेलेल्या गप्प राहिल्या, तरच जिवंतांचं खरं. या गडबडीत ते राहून गेलं होतं.

"पाहुण्यांसमोर मढी कशाला?" साहेब कुजबुजले.

"त्यांच्यासमोरच," ताई म्हणाली. तिनेच हौसेने बघायला बोलावलं होतं, म्हणून मीही मागे उभी होते.

मेलेल्या पेशी आत गेल्या. थरथर तशीच. ताईने पाहुण्यांना स्वच्छ सांगितलं, "ही यीस्टची नाही. पेशी उबदार ठेवणाऱ्या पंपाची असावी. मी आधीच बघायला हवं होतं."

पाहुणे निघून गेले. साहेब लालबुंद. "चारचौघांत नाक कापलंत. महिनाअखेर खोली रिकामी करा."

"खोट्यावर मिरवण्यापेक्षा कापलेलं बरं, सर."

घरी येताना मात्र ती हुंदके देऊन रडली. मला साहेबांचा राग आला, तिचा जास्त आला. "गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"मग उद्या खरी थरथर आली असती, तरी मला ती ओळखू आली नसती."

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन तळघरात गेले, तर पंप दाराबाहेर आडवा पडलेला. आत ताई पेशींची बाटली दोन्ही तळव्यांत धरून ऊब देत बसली होती.

"मोबाइल बाहेर ठेव आणि दार लाव," ती म्हणाली. "महिना अजून संपलेला नाही."