चल गं खुर्चे

माझी सासू गोजरबाई आणि तिची धाकटी जाऊ कडूबाई, दोघींची घरं हर्सूलला भिंतीला भिंत लागून. आणि कैक वर्षांचा अबोला. कारण ऐकाल तर हसाल. कडूबाईच्या पोरीच्या लग्नात सासूबाईंनी कडूबाईला आहेराची साडी दिली. ती साडी कडूबाईनंच आधी कधीतरी सासूबाईंना दिलेली, घडीसुद्धा न मोडलेली! भर मांडवात कडूबाई म्हणाली, "माझीच साडी मलाच?" सासूबाई म्हणाल्या, "तू दिली तवा बरी होती व्हय?" संपलं. तेव्हापासून निरोप्याचं काम माझ्या गळ्यात. "निशा, सांग तिला." अन् ती पुढ्यातच उभी असायची.

दोन वर्षांखाली सासूबाई मोरीत पडल्या. मणक्याला मार लागला, पायातली ताकद गेली. घाटीच्या सरकारी दवाखान्यातून घरी आणलं ते साध्या, ढकलायच्या खुर्चीवर. मी एका दवाखान्यात रिसेप्शनला, आमचे हे, म्हणजे अतुलराव, वाळूजला कंपनीत. मग बाईला बाहेर न्यायचं कोणी? दिवसभर दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर डाफरायच्या.

एका संध्याकाळी कडूबाई आली. कोणाकडं बघितलं नाय. मागून दांडे धरले आणि म्हणाली, "चल गं खुर्चे, विहारात. वंदनेची वेळ झाली."

खुर्चीशी बोलली! म्हणजे अबोला शाबूत. सासूबाई तरी काय कमी? "खुर्चे, मागं कोण हाय, तिला खड्डे दिसत नाय वाटतं."

"खुर्चे, वर बसलीय तिला सांग, खड्डे मी खणले नाय."

मग रोज संध्याकाळी ही वरात निघायची. खुर्चीला सगळं ठाऊक झालं. कडूबाईच्या गुडघ्याचं, तिच्या पोरीच्या सासरचं, माझ्या भाजीतल्या मिठाचंसुद्धा. पण सासूबाई घरी यायच्या त्या खुशीत. मी मनात म्हणायचे, चालू दे बाई असंच.

तेवढ्यात आमच्या साहेबांना आईचं स्वावलंबन आठवलं. कंपनीत कोणीतरी व्हिडिओ दाखवला होता. घरी येऊन भाषण ठोकलं, "आता बॅटरीची खुर्ची आणू. आई कोणावर अवलंबून राहणार नाय."

मी म्हणलं, "अहो, आहे ती काय वाईट? काकू नेतात की."

"तेच म्हणतो मी! काकूला किती दिवस त्रास द्यायचा?"

ह्या माणसाला मशीन कळतं, बाया कळत नाय.

दुकानात सासूबाईंनी नवी खुर्ची मागून-पुढून निरखली आणि विचारलं, "भाऊ, हिला मागून धरायचं कुठं?" दुकानदार हसला. "आजी, धरायची गरजच नाय. हाताजवळचा हा दांडा पुढं सरकवा, चला." सासूबाईंचं तोंड उतरलं. मग खुसपटं काढायला लागल्या. ही रुंद हाय, दारात अडकंल. लाईट गेली तर? शॉक बसला तर? अतुलरावांकडं सगळ्याचं उत्तर तयार. खरं कारण सासूबाईंना सांगता येईना. जिच्याशी आपण बोलतच नाय, तिच्याशिवाय करमत नाय, हे पोराला कोणत्या तोंडानं सांगणार?

खुर्ची आली, गल्लीनं कौतुक केलं. कडूबाईनं दारातून बघितलं, हातातल्या झाडूला म्हणाली, "झालं, सुटलो आपण," आणि आत गेली. संध्याकाळी आली नाय. सासूबाई एकट्याच विहारात जाऊन आल्या आणि न जेवता झोपल्या. दुसऱ्या दिवशी तिच्या दारापुढं जाऊन हॉर्न वाजवला. आतून मांजराला उद्देशून उत्तर आलं, "मने, रस्ता मोकळा हाय. ज्याला जायचं त्यानं जावं."

आठवडा असाच गेला. सासूबाई वाळत चालल्या. शेवटी एक दिवस मला हळूच म्हणाल्या, "निशा, हिला बंद कसं पाडायचं गं?" दुकानदारानं मला दाखवलं होतं. चाकामागची लिव्हर पाडली की मोटर सुटते, खुर्ची हातानं ढकलावी लागते. मी बरोबर कडूबाईच्या दारापुढं लिव्हर पाडली आणि ओरडले, "अगं बाई, बंद पडली!"

कडूबाई बाहेर आली. पदर खोचला आणि ते धूड ढकलायला लागली. "खुर्चे, लई जड झालीस गं! काय खातीस?"

"खुर्चे, ढकलणारी म्हातारी झालीय, तिला सांग." सासूबाईंचा आवाज कसा खणखणीत!

आणि नेमके साहेब ड्यूटीवरून आले. "नवी खुर्ची अन् ढकलता?" खाली वाकले, लिव्हर वर केली. "काही झालं नव्हतं!" म्हणत स्वतःच दांडा पुढं सरकवला. खुर्ची सुटली. कडूबाईचे हात हवेतच राहिले. तिनं घाम पुसला, खोचलेला पदर सोडला आणि घराकडं वळली.

सासूबाईंनी गरकन खुर्ची फिरवली. "ए कडू! कुठं चाललीस?"

कडूबाई न वळता म्हणाली, "कोणाला म्हणता? खुर्चीला?"

"खुर्ची तर चालतीच, मेले. तू चल."

मला तर रडूच फुटलं. साहेब मात्र खूश. "बघितलंस निशा? म्हणलं नव्हतं, बॅटरीचा फायदा हाय म्हणून?"

कडूबाई आली. आता ढकलायचं काम नव्हतं, म्हणून शेजारून चालायला लागली. "इतकी वर्षं जीभ झडली होती का, बाई?" "अन् तुझी काय गहाण पडली होती?" पार विहारापर्यंत दोघी एकमेकींच्या तोंडाकडं बघून भांडत गेल्या.